जरा थांब, प्रभू

कामावरची माणसं तिला घार म्हणत. उंच क्रेनच्या डोक्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये दिवसभर बसून ती खालच्या एकेकावर नजर ठेवायची, म्हणून हे नाव पडलं. ते इतकं चिकटलं की हजेरी घेताना मुकादमसुद्धा "घार आली का?" असंच विचारायचा. तिला त्याचा राग नव्हता. लहानपणापासून बाबांच्या तोंडून तिने ऐकलं होतं, की एक दिवस कर्णा वाजेल, प्रभू येशू ढगांतून येईल, आधी थडग्यांतले विश्वासणारे उठतील आणि मग जिवंत असलेले त्याला भेटायला हवेत उचलले जातील. ज्या पोरीचे डोळे बाळपणीच आभाळाला लावून दिलेले, ती मोठी होऊन क्रेनवर चढली यात नवल ते काय!

बाबा सोफे आणि गाद्या शिवायचे, आणि रविवारी एका छोट्या मंडळीचे पाळक असायचे. मंडळी म्हणजे मूठभर माणसं. एक टॅक्सीवाला, दोन नर्स, कपडे इस्त्री करणारं जोडपं, निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, असे. टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ते जमत. हॉलच्या वर मोकळी गच्ची. घारीच्या केबिनमधून ती गच्ची स्पष्ट दिसायची, आणि सकाळच्या पहिल्या फेरीत तिकडे एक नजर टाकायची तिला सवयच लागली होती.

आई गेली आणि बाबा बदलले. त्यांना जगण्यापेक्षा वाट बघणंच जास्त जमायला लागलं. मशीनवर बसले की सुई एकीकडे आणि मन दुसरीकडे. मग त्यांनी उपास धरला, चांगला लांबलचक. गाल आत गेले, डोळे मोठे झाले, आणि एका रविवारी उपदेश मध्येच थांबवून ते म्हणाले, "या गुरुवारी. सूर्य डोक्यावर आला की."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. "पाळकबाबा, तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

"ठाऊक नव्हता," बाबा म्हणाले. "आता मला कळवलंय."

टॅक्सीवाला तिथल्या तिथे रडायला लागला, आनंदाने.

घारीचा विश्वास होता का? होता. प्रभू येणार याबद्दल तिच्या मनात कधीच किंतु आला नव्हता. जेवायला बसतानाही त्यांच्या घरात "ये, प्रभू, लवकर ये" असं म्हणूनच घास उचलत. तारखेचं तिला नीट सांगता आलं नसतं. विश्वास बाबांवर होता, आणि तारीख बाबांची होती.

सोमवारी तिने साखळदादाला सांगितलं. साखळदादा खाली माल बांधायचा. साखळ्या, पट्टे, आकडे सगळं त्याच्या हातात, आणि खाली काय होतंय ते वॉकीटॉकीवरून तिला सांगायचं कामही त्याचंच. देवाधर्माशी त्याचं कधी पटलं नव्हतं, आणि जिभेला हाड नव्हतं.

"ताई, तुला वर जायचं तर खुशाल जा," तो म्हणाला. "पण माझ्या डोक्यावर माल लटकवून जाऊ नकोस हं. आधी माल खाली, मग स्वर्ग."

ती हसली, पण बोल मनाला लागला. तसं पाहिलं तर केबिनमधला चालवायचा दांडा सोडला की क्रेनचा ब्रेक आपोआप लागतो. माल पडत नाही, जागच्या जागी लोंबकळत राहतो. पण लोंबकळत राहिलेला माल उतरवायचा कुणी? ती मुकादमाकडे गेली. "गुरुवारी मला दुपारच्या आत उतरायचंय."

"दवाखाना?"

"नाही. प्रभू येणार आहे."

मुकादमाने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. "बदलीचा माणूस बोलावतो. पण शुक्रवारी ये."

"शुक्रवारी मी नसेन."

"तसं असेल तर आधी कळवायचं असतं," मुकादम म्हणाला, आणि दुसऱ्या कामाला लागला.

गुरुवारी सकाळी बाबांनी पांढरा सदरा घातला. तिचा पांढरा पोशाख तिने पिशवीत घातला; कामावरून थेट हॉलवर जायचं ठरलं होतं. दारात बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आज आई भेटेल," ते म्हणाले. "वेळेवर ये, पोरी."

वारा पहाटेपासूनच होता. ती शिडी चढून केबिनमध्ये बसेपर्यंत त्याने चांगलाच जोर धरला. क्रेनचा लांब हात कण्हत होता, पायाखालची जमीन बोटीसारखी डुलत होती. नेहमीचंच होतं ते. तिने चार-पाच फेऱ्या कशाबशा पूर्ण केल्या. लांब गच्चीवर पांढरे ठिपके जमू लागले. उन्हापासून आडोसा म्हणून त्यांनी कापडाचं छत ताणलं होतं, आणि ते शिडासारखं फुगत होतं.

सूर्य वर सरकत होता. बदलीचा माणूस खाली येऊन उभा राहिलेला तिला दिसला. तेवढ्यात वारा मोजणाऱ्या फिरकीने हद्द ओलांडली आणि भोंगा सुरू झाला. भोंगा वाजला की काम बंद; क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा सोडायचा आणि खाली उतरायचं, असा नियम. बरंच झालं, तिच्या मनात आलं. देवानेच वाट मोकळी केली. तिने पिशवी उचलली.

आणि वॉकीवर कुणीतरी ओरडलं, "परांची गेली! मागची परांची गेली!"

इमारतीच्या पाठीमागच्या भिंतीला गिलाव्यासाठी बांधलेली परांची वाऱ्याने उपटली होती. बाकीचे आधीच उतरून पळाले होते. एक गवंडी राहिला. त्याचा पाय वाकलेल्या नळ्यांत अडकला होता आणि तो कमरेच्या पट्ट्याने आडवातिडवा लटकत होता. आतून तिथे हात पोचत नव्हता. ती सगळी भिंत बंद होती, एकही खिडकी नाही.

"घार," मुकादमाचा आवाज आला. तो असा हळू कधी बोलत नसे. "अग्निशमनवाले निघालेत, पण त्यांची शिडी तेवढी चढायची नाही. आकड्याला पिंजरा लावला तर त्याच्यापर्यंत जाता येईल. साखळदादा जायला तयार आहे."

"भोंगा वाजतोय, साहेब."

"ऐकतोय मी. नियम सांगतो उतर. मी तुला हुकूम करणार नाही."

बदलीचा माणूस शिडीपाशी आला, दोन पायऱ्या चढला, वाऱ्याने त्याची टोपी नेली, आणि तो शिडीला मिठी मारून तसाच राहिला. या वाऱ्यात वर येणं त्याच्याने होणार नव्हतं.

खिशात फोन वाजला. बाबा होते. तिने तो स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला.

"उतरलीस का?"

"बाबा, एक माणूस लटकलाय."

"पोरी, सगळं जगच लटकलंय. उतर. घटका भरत आली."

"मी उतरले तर तो पडेल."

"प्रभू बघेल त्याचं. तू ये! तुझ्याशिवाय मी आईसमोर काय तोंड घेऊन उभा राहू?"

बाबांचा आवाज फाटला. मागे गाणं चाललं होतं, वाऱ्याने त्याचे तुकडे होत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या हातात दांडे आहेत, बाबा," ती म्हणाली. "ठेवते." आणि जन्मात पहिल्यांदा तिने बाबांचं बोलणं मध्येच तोडलं.

"दादा," ती वॉकीवर म्हणाली, "चढ पिंजऱ्यात."

माणसांचा पिंजरा म्हणजे लोखंडी टोपलीच, छातीएवढ्या कठड्याची. साखळदादा त्यात उभा राहिला, स्वतःला पट्ट्याने बांधून घेतलं आणि हात वर केला. तिने त्याला उचललं. पिंजरा इमारतीच्या माथ्यावर येईपर्यंत तो तिला दिसत होता, वाऱ्यात लंबकासारखा झुलणारा. मग पलीकडे गेला, भिंतीआड उतरला, आणि दिसेनासा झाला. आता तिला दिसत होती ती फक्त ताणलेली दोरी. बाकी सगळा भरवसा त्याच्या आवाजावर.

"खाली... खाली... येऊ दे. हळू, ताई, हळू. भिंतीपासून लांब घे! थांब!"

ती थांबली. पिंजरा भिंतीवर आदळल्याचा आवाज वॉकीतून आला, पाठोपाठ एक अस्सल शिवी.

"लागलं का?"

"कोपराला. चालतंय. अजून एक हात खाली. अर्धा. बस्स! दिसला. ए बाबा, माझ्याकडे बघ, खाली बघू नकोस. ताई, आता काही झालं तरी हलू नकोस. मी त्याचा पाय सोडवतोय."

हलू नकोस म्हणणं सोपं. वाऱ्याचा लोट आला की क्रेनचा हात सरकायचा, आणि तिने तितक्याच हलक्या हाताने त्याला परत आणायचं. जास्त झालं तर पिंजरा भिंतीवर, कमी पडलं तर गवंडी हातातून निसटणार. कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता. आणि मग वॉकी गप्प झाला.

"दादा?"

नुसती खरखर.

सूर्य डोक्यावर आला होता. केबिनची सावली तिच्या पायाशी गोळा झाली होती. आयुष्यभर जी प्रार्थना ती घासागणिक करत आली होती ती ओठांवर आली, आणि ओठांवरच उलटली. "थांब," ती म्हणाली. "जरा थांब, प्रभू. आत्ता नको. हे दोघे जमिनीला टेकू देत, मग ये."

आपण काय बोललो हे तिला मग कळलं. तिने मान वळवून गच्चीकडे पाहिलं.

गच्ची रिकामी होती.

एकही पांढरा ठिपका नव्हता. छत नव्हतं. एक लांब पांढरं कापड मात्र घरांच्या वर, उंच, उंच चाललं होतं.

आला. आला आणि गेला. कर्णा वाजला असेल, पण तिच्या कानाशी तर भोंगा केकाटत होता. तिला कसा ऐकू येणार? खाली रस्त्यात एक बस आडवी थांबली होती, माणसं सैरावैरा धावत होती. बाबा गेले. आई उठली असेल, बाबांनी तिचा हात धरला असेल, दोघांनी वळून पोरीला शोधलं असेल. आणि पोरीने काय म्हटलं होतं? आत्ता नको. त्याने ऐकलं होतं. तिला नको होतं, म्हणून तो तिला ठेवून गेला.

दांडे सोडायचे, गुडघ्यांत डोकं घालून बसायचं, एवढंच मनात होतं. ब्रेक लागला असता. कुणी तिला बोल लावला नसता. आता बोल लावायला उरलं तरी कोण होतं?

"ताई?" वॉकी खरखरला. "ताई, आहेस का गेलीस?"

साखळदादा होता, पण आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. तो घाबरला होता. तिथे भिंतीआड, आभाळ आणि जमीन यांच्या मध्ये, त्याला खरोखरच वाटलं होतं की ती गेली.

"आहे, दादा. मी इथेच आहे."

"मग घे वर. हा बेशुद्ध आहे, मी धरलंय. माझ्या हातात फार जोर नाही उरला."

तिने घेतलं. नंतर कुणी विचारलं तरी ती वाट तिला सांगता आली नसती. एवढंच आठवायचं, की दोरी हळूहळू गुंडाळत होती आणि ती मोठमोठ्याने रडत होती, तरी हात मात्र स्थिर होते. पिंजरा माथ्यावर आला, इकडच्या बाजूला झुलला, उतरला, उतरला, आणि वाळूच्या ढिगापाशी टेकला. चारी बाजूंनी माणसं धावली. तिने क्रेनचा हात वाऱ्यावर मोकळा सोडला आणि शिडी उतरली. खाली कुणीतरी तिला मिठी मारली, कुणी पाठ थोपटली. गवंडी जिवंत होता, पाय मोडला होता. तिला त्यातलं काहीच धड ऐकू येत नव्हतं. माणसं बाजूला सारत ती फाटकाबाहेर पडली आणि पळत सुटली.

टायरच्या दुकानासमोर टॅक्सीवाल्याची टॅक्सी उभी होती, दार सताड उघडं, आत कुणी नाही. जिन्याच्या तळाशी चपलांचा ढीग. वरून गाणं नाही, बोलणं नाही, काही नाही. बाबांच्या चपला तिने ओळखल्या आणि तिथेच मटकन बसली. त्या उराशी धरून किती वेळ गेला कोण जाणे. मग वरून कुणीतरी खोकलं.

ती जिना चढली. दार ढकललं.

सगळे होते. भिंतीला टेकून, जमिनीवर, खुर्च्यांवर, पांढऱ्या कपड्यांत धुळीने माखलेले, पण सगळे होते. मास्तरीणबाईंच्या कपाळाला एक नर्स पट्टी बांधत होती. छत उडालं तेव्हा त्याचा बांबू लागला होता, म्हणून सारे घाईघाईने खाली आले होते. घारीला असं भरून आलं की ती एकदम हसली, रडता रडता हसली. एकेकाला कडकडून भेटावं असं तिला वाटलं.

आणि मग तिला त्यांचे चेहरे दिसले. घरात मयत झाल्यावर माणसांचे असतात तसे.

"हसतेस कशाला?" टॅक्सीवाला म्हणाला.

बाबा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. ती त्यांच्याजवळ गेली आणि सांगायला लागली. गवंड्याचं, पिंजऱ्याचं, रिकाम्या गच्चीचं. लपवायचं तिच्या मनात नव्हतं, म्हणून तेही सांगितलं. "मी त्याला थांब म्हणाले, बाबा."

"काय म्हणालीस?" टॅक्सीवाला उठून उभा राहिला. "ऐकलंत? आपण सगळे ये, ये म्हणून टाहो फोडतोय, आणि पाळकांची पोरगी त्याला थांब म्हणते! म्हणूनच! म्हणूनच नाही आला तो!"

हॉलमध्ये कुजबुज पसरली. इस्त्रीवाली बाई तोंडाला पदर लावून तिच्याकडे बघत होती. एका कोंबडीवर दहा ससाणे असावेत तसं तिला झालं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे मान वळवली होती, आणि त्यांच्या डोळ्यांत तिला ते स्पष्ट दिसलं: एक दार उघडलं होतं. त्यांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी सगळी लाज तिच्या पदरात पडली असती आणि ते मोकळे झाले असते. ती वाट बघत राहिली. क्रेनवर वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली.

बाबा भिंतीला हात टेकून उठले.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या पोरीने थांब म्हटल्याने तो थांबत असता, तर मी ये म्हटल्याने कधीच आला असता."

टॅक्सीवाला खाली बसला.

"तारीख त्याने दिली नव्हती. मी उपाशी होतो, आणि हिच्या आईला बघायची मला घाई झाली होती. ती माझी घाई मी त्याच्या नावावर खपवली. तुम्हा सगळ्यांना गच्चीवर उभं केलं. मास्तरीणबाई, तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर बोलला होतात आणि मी तुम्हाला गप्प बसवलं." त्यांनी हात जोडले. "तो येणार. यात मी एक अक्षर मागे घेत नाही. पण केव्हा, हे सांगायचं काम माझं नव्हतं."

"मी मालकाला तोंडावर सांगून आलो, उद्यापासून तुझी टॅक्सी नको, पाळकबाबा," टॅक्सीवाला म्हणाला. त्याचा राग ओसरून आता नुसतं रडू उरलं होतं. "उद्या काय करू?"

"उद्या सकाळी मी येतो तुझ्याबरोबर. माझी चूक आहे, मीच सांगेन त्याला."

टॅक्सीवाल्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. इस्त्रीवालं जोडपं एक शब्द न बोलता निघून गेलं; ते पुन्हा कधी आले नाहीत. आणखीही काहीजण उठले. मास्तरीणबाई मात्र बसून राहिल्या. "पोरीला पाणी द्या कुणीतरी," त्या म्हणाल्या. "ओठ सुकलेत तिचे."

संध्याकाळी वारा पडल्यावर बाप-लेक दवाखान्यात गेले. गवंडी पाय उंच बांधून पडला होता. शेजारी स्टुलावर साखळदादा, कोपराला पट्टी.

"हे माझे बाबा," घार म्हणाली.

बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. "मी हिला उतर म्हणालो होतो," ते गवंड्याला म्हणाले. "तुम्ही लटकलेले असताना. हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं म्हणून आलो."

गवंडी साखळदादाकडे बघायला लागला.

"उतरली नाही ना?" साखळदादा म्हणाला. "मग झालं तर."

"तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?" बाबांनी विचारलं.

"करा की," गवंडी म्हणाला. मग जरा विचार करून घाईने पुढे म्हणाला, "पण पाय बरा व्हायची करा हं. वर न्यायची नको."

साखळदादा फिस्सकन हसला आणि नर्सने त्याच्याकडे डोळे वटारले. बाबांच्या ओठांचा कोपरा हलला. कित्येक महिन्यांत घारीने तो हललेला पाहिला नव्हता. त्यांनी गवंड्याच्या गुडघ्यावर अलगद हात ठेवला, डोळे मिटले, आणि पायासाठीच प्रार्थना केली, हाड सरळ बसावं म्हणून, घरच्यांना धीर मिळावा म्हणून. लांबण लावली नाही.

परत येताना रस्त्यात पत्रे, फांद्या, फुटलेल्या काचा पडल्या होत्या. बाबा पायांखाली बघत सावकाश चालत होते.

"गच्ची रिकामी दिसली तेव्हा," ते म्हणाले, "तुला खरंच वाटलं, मी तुला सोडून गेलो?"

"हो."

"तरी दांडे नाही सोडलेस."

"दादा हाक मारत होता, बाबा."

एका वळणावर वाऱ्याने पडलेलं झाड आडवं होतं. बाबा थांबले, त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला, आणि दोघं ते ओलांडून घराकडे निघाली.